खिडकीतून रस्त्यावर गेलेला वडा

कल्याण-डोंबिवलीकडून पनवेलला जाताना शीळफाटा लागतो. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता इथे आडवा येतो आणि महापेमार्गे नवी मुंबईकडे जाणारी वाटही इथूनच फुटते. तीन दिशांची वाहने एका जागी आली की कोंडी ही ठरलेलीच. गाडी थांबते, खिडकीतून तळणीचा वास येतो आणि 'खाली उतरावे की काय' असा विचार मनात डोकावतो.

काही वर्षांपूर्वी याच परिसरातल्या एका शाळेत आम्ही सातवीच्या वर्गाला आरोग्याचा धडा शिकवत होतो. 'उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत' हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि मुलांना विचारले, "मग असे पदार्थ खावेसे वाटले तर काय करावे?" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, "घरी करावेत!" एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "सर, आईने घरी वडे केले होते. पण गाडीवरच्यासारखे नाही झाले." वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. तो मान खाली घालून बसला होता. तास संपल्यावर तो आमच्यामागून व्हरांड्यात आला आणि हळूच म्हणाला, "सर, आमचे बाबा रोज तेल बदलतात."

त्याच्या वडिलांची फाट्याजवळ वड्याची गाडी होती, हे आम्हाला तेव्हा कळले. त्या दिवसापासून दोन प्रश्न आमच्या डोक्यात घोळत राहिले. पहिला त्या मुलीचा : घरचा वडा गाडीवरच्यासारखा का होत नाही? दुसरा त्या मुलाने न विचारलेला : घरचे ते चांगले आणि रस्त्यावरचे ते वाईट, ही विभागणी आपण कशाच्या आधारावर करतो? दोन्हींची उत्तरे शोधताना आम्हाला थोडे इतिहासात आणि थोडे भौतिक-रसायनशास्त्रात शिरावे लागले.

वडा जुना, बटाटा नवा

वडा हा मुळात घरचाच पदार्थ आहे, आणि बराच जुना. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे, त्यात 'वटक' येतो. (सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. ठाणे जिल्ह्यातले कल्याण नव्हे. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.) हा वटक डाळीचा होता. त्यात बटाटा नव्हता आणि मिरचीही नव्हती. असणे शक्यच नव्हते, कारण या दोन्ही वनस्पती तेव्हा फक्त अमेरिका खंडात होत्या.

बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला. मिरची मेक्सिकोकडची. १४९२ नंतर युरोपीय दर्यावर्दींची अमेरिकेत ये-जा सुरू झाली, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि पोर्तुगीज जहाजांमुळे जगाची ही दोन टोके जोडली गेली. आपली भाषा त्याची साक्ष देते. उत्तरेत बटाट्याला 'आलू' म्हणतात. कंदांसाठी वापरला जाणारा जुना शब्द तिथे नव्या कंदाला चिकटला. आपण मात्र पोर्तुगीज 'बटाटा' हा शब्दच घेतला. तो शब्दही पोर्तुगीजांचा स्वतःचा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा तो रताळ्यासाठीचा शब्द होता. मिरचीचे नाव आपण 'मिरी'वरून बेतले, कारण त्याआधी स्वयंपाकात तिखटपणा येई तो मिरी आणि पिंपळीमुळे.

वडा ज्या तेलात तळला जातो त्या तेलाचीही हीच गोष्ट. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आला. त्याआधी आपल्याकडे तीळ, करडई आणि किनाऱ्यावर खोबरे यांचे तेल होते.

एक गंमत वर्गात जरूर सांगावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही पदार्थ अमेरिकेतून आलेले. शतकानुशतके आपल्या शेतात पिकणारे तांदूळ आणि गहू उपवासाला चालत नाहीत आणि समुद्रापलीकडून आलेले हे चौघे चालतात! परक्याचे आपले व्हायला फार काळ लागत नाही, एवढे यावरून दिसते.

मग वड्यात जुने काय उरले? हळद, आले, कढीपत्ता आणि मुख्य म्हणजे हरभऱ्याचे पीठ. हरभराही मूळचा पश्चिम आशियातला, पण हडप्पा संस्कृतीच्या काळीच तो इथे रुजला होता. चार हजारांहून अधिक वर्षे मुक्काम केलेल्याला पाहुणा कोण म्हणणार?

पाव आणि ग्रामण्य

वडा घरचा, पण पाव घरचा नव्हे. तो आला त्या वाटेवर आपले ठाणे आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे साष्टी बेट व ठाणे दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा 'पांव' राहिला. पाव एका लादीचे चार तुकडे करतात म्हणून 'पाव', किंवा पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव', असे सांगणारे बरेच भेटतात. शब्द सरळ पोर्तुगीज आहे आणि त्याचे मूळ लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकरी.

आपल्या पोळी-भाकरीत पीठ फुगवण्यासाठी किण्व वापरत नाहीत. पावात ते लागते. गोव्यात त्यासाठी माडाची ताडी वापरत, कारण ताडीत किण्वपेशी आयत्याच असतात. या सूक्ष्म पेशी पिठातली साखर खातात आणि कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. गव्हाच्या पिठातली प्रथिने पाण्याबरोबर मळल्यावर त्यांचे ताणले जाणारे जाळे तयार होते, वायू त्यात अडकतो आणि पीठ फुगते. किण्वन हे सजीवांचे काम आहे हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांतून दाखवले. त्याआधी कित्येक शतके भटारी लोक ते हाताच्या अंदाजाने करत होते.

ताडीचे पीठ आणि परधर्मीयांचा हात, यामुळे पाव निषिद्ध ठरला. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायल्याने गाव बाटले, अशा गोष्टी वसई आणि गोव्याकडे सांगितल्या जात. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेल्यावरून मोठे ग्रामण्य झाले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना त्याचा जाब द्यावा लागला आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. भट्टीतून निघालेल्या एका बिस्किटाची ही कथा! त्यानंतर ऐंशी वर्षांच्या आत त्याच भट्टीतला पाव सगळ्या जातींच्या हातात दिसू लागला. एवढा बदल कशाने झाला? उपदेशाने झाला तो थोडा. बाकीचा झाला रेल्वे आणि गिरण्यांमुळे.

दांडी एका हातात, वडापाव दुसऱ्या

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. मुंबईत कापडगिरण्या वाढल्या. कोकण-घाटावरची माणसे एकटी येऊन चाळीत राहू लागली, त्यांच्यासाठी खाणावळी निघाल्या. इराणी हॉटेलांतून पाव आणि चहा मिळू लागला. पाळी बदलताना किंवा गाडी पकडताना पानावर बसून जेवायला वेळ नसतो. शेजारी कोण उभा आहे हे विचारायलाही नसतो.

गाडीवर तळण्यासाठी लागतो तो कमीजास्त करता येणारा विस्तव. कोळशाच्या शेगडीवर ते कठीण. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघालेला, दाबाने रॉकेल जाळणारा 'प्रायमस' आणि त्याच्या धर्तीवरचे भर्र आवाज करणारे स्टोव्ह आपल्याकडे घरोघरी आले, तसे ते चाकांच्या गाड्यांवरही चढले.

वडा आणि पाव यांची गाठ कोणी घालून दिली? सर्वसाधारणपणे श्रेय दिले जाते ते अशोक वैद्य यांना. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर त्यांनी बटाटेवड्याची गाडी लावली, शेजारच्या आम्लेटवाल्याकडचा पाव घेतला आणि त्यात वडा घातला, अशी कथा आहे. दुसरे दावेदारही आहेत. पण आमच्या भागाची कथा आम्हाला जास्त बोलकी वाटते. कल्याणला १९६० च्या दशकाच्या अखेरीस वझे कुटुंबाने आपल्या राहत्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली, असे सांगतात. तोच कल्याणचा प्रसिद्ध 'खिडकी वडा'. खिडकीच्या आत स्वयंपाकघर, बाहेर रस्ता. तीच कढई, तेच हात आणि तेच पीठ. चौकटीच्या आत असेपर्यंत तो घरचा पदार्थ आणि बाहेर आला की बाहेरचा!

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत. ज्यांची नोकरी गेली त्यांतल्या अनेकांनी वड्याच्या गाड्या लावल्या. भांडवल म्हणजे एक कढई, एक स्टोव्ह आणि घरातल्या बाईला येत असलेली पाककृती. तिने पहाटे उठून सारण करायचे आणि त्याने ते तळून विकायचे. गाडीवर नाव कोणाचेही असो, मुळातले ज्ञान बहुधा तिचे असते. इतिहासात मात्र त्याची नोंद सहसा होत नाही.

घरी का जमत नाही?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. गाडीवाल्यांचा काही गुप्त मसाला असतो असे आपल्याला वाटते. खरे कारण बहुतेक वेळा कढईच्या आकारात असते.

वडा साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या तेलात तळतात. तेलात पडताच पिठाच्या आवरणातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याच्या आकारमानाच्या सुमारे १६०० पट जागा वाफेला लागते, म्हणून ती जोराने बाहेर पडते. तळताना दिसणारे बुडबुडे हेच. वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो आणि कवच लवकर कोरडे होऊन कडक बनते. त्याच वेळी बेसनातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात जी क्रिया होते तिच्यामुळे सोनेरी रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. पाण्यात शिजवताना तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून उकडलेल्या पदार्थाला तो खमंगपणा येत नाही.

घरात आपण काटकसर म्हणून लहान कढईत अर्धा लिटर तेल घेतो आणि एकदम चार वडे सोडतो. वरच्या वर्गांना हे गणित घालता येईल. तेल ४५० ग्रॅम, १८० अंशांवर. विशिष्ट उष्णता २.२ ज्यूल. चार वडे मिळून २४० ग्रॅम, ३० अंशांवर. विशिष्ट उष्णता अंदाजे ३.४. खालची ज्योत आणि होणारी वाफ बाजूला ठेवली आणि वडे आतपर्यंत तापले असे धरले, तर दोघांचे तापमान सुमारे ११२ अंशांवर स्थिरावेल. आता दहापट तेल, म्हणजे गाडीवरची पाच लिटरची कढई घ्या. तेच चार वडे, पण तापमान सुमारे १६९! प्रत्यक्षात आकडे एवढे टोकाचे नसतात, पण फरकाची दिशा हीच. घरच्या कढईत तेल एकदम निवते, वाफेचा जोर कमी पडतो आणि वडा मऊ, तेलकट होतो. 'कमी तेलात तळले की पोटात कमी तेल जाते' हा समज त्यामुळे उलटा पडतो. उपाय सोपा आहे : एका वेळी दोनच वडे सोडावेत आणि पुढच्या घाण्याआधी तेल पुन्हा तापू द्यावे. बाहेर काढलेला वडा निवताना आतली वाफ थिजते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते, म्हणून तो लगेच झाऱ्यावर निथळून जाळीवर ठेवावा.

दुसरी चूक सोड्याची. वडा हलका व्हावा म्हणून आपण चमचाभर खायचा सोडा टाकतो. तापवल्यावर सोड्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते, जे अधिक अल्कधर्मी असते. सोडा जास्त झाला की आवरण सच्छिद्र होऊन तेल पिते, साबणासारखी चव येते आणि हळदीचे लालसर ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे प्रयोगशाळेत न जाता मिळालेला दर्शकच. चिमूटभर सोडा आणि चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन पुरते.

तिसरी गोष्ट बटाट्याची. गरम बटाटा मिक्सरमधून काढला तर त्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि सारण चिकट होते. तो हाताने कुस्करावा आणि निवू द्यावा. पीठही सरसरीत नको, बोटाला दाट थर बसेल इतपत हवे. कढईत पडलेल्या पिठाच्या थेंबांचा चुरा टाकू नये. लसूण, सुके खोबरे आणि लाल तिखटाबरोबर तो कुटला की गाडीवरची कोरडी चटणी तयार होते.

चटणी खाल्ली की तोंड 'भाजते', पण ते खरोखर गरम झालेले नसते. मिरचीतले कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटते, तोच ग्राहक उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

रोज तेल बदलतात का?

हे सारे जुळवून झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या वडिलांच्या गाडीवर गेलो. तेल तापले की नाही हे ते कसे ओळखतात, असे विचारले. त्यांनी बोटाने पिठाचा एक थेंब कढईत सोडला. "तळाशी बसला तर तेल थंड. बुडबुडे काढत सावकाश वर आला तर बरोबर. पडताच काळा झाला तर ज्योत कमी करायची." तापमापी नव्हती, पण निरीक्षण आणि निष्कर्ष दोन्ही होते.

मग आम्ही जरा संकोचून तेलाचा विषय काढला. ते हसले. "रोज बदलतो असं पोराला वाटतं. एक दिवसाआड जमतं, सर. डब्याचा भाव बघितलाय का?"

हे उत्तर प्रामाणिक होते आणि अडचणीचेही. तेल पुन:पुन्हा तापवले की हवा आणि पाणी यांच्या क्रियेने त्यात नवी संयुगे तयार होतात. तेल दाट आणि काळपट होते, फेसाळते, धूर लवकर येतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा 'एकूण ध्रुवीय संयुगां'ची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. २०१८ च्याच वेष्टनविषयक नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायलाही मनाई केली, कारण शाईतले घटक गरम तेलकट पदार्थात उतरतात. हे नियम योग्यच आहेत. पण तेच तेल गाळून दुसऱ्या दिवशी भाजीला वापरणारी आणि भजी वर्तमानपत्रावर निथळणारी घरे आपल्यात किती आहेत? आमचे स्वतःचे घर त्यात होते, हे कबूल केले पाहिजे. रसायनशास्त्राला खिडकीची चौकट दिसत नाही. तेल कितव्यांदा तापले एवढेच त्याला कळते.

पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा आम्ही फळ्यावर आधीचे वाक्य लिहिले नाही. त्याऐवजी पाच प्रश्न लिहिले : तेल कितव्यांदा तापले? चटणीचे पाणी कुठले? हात कधी धुतले? पदार्थ झाकलेला आहे का? कागद कोणता? मुलांनी हे प्रश्न एका गाडीला आणि एका घराला, दोन्हींना विचारून यायचे होते. वहीत आलेली उत्तरे वाचून काही पालक आमच्यावर नाराज झाले, ते साहजिकच होते.

वर्षअखेरीस मुलांनी शाळेत वडे केले. आमच्या देखरेखीखाली, मोठ्या कढईत, एका घाण्यात बेताचेच. पाव भट्टीतून आणले. तो मुलगा तोवर आठवीत गेला होता, त्याला मुद्दाम बोलावले होते. झारा त्याच्या हातात होता. पिठाचा थेंब तेलात सोडून तो सातवीच्या मुलांना म्हणाला, "थांबा, अजून वर आला नाही." सगळा वर्ग कढईकडे बघत थांबला.

वर्गात करून पाहा : हळदीच्या पाण्याने रंगवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर खायचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबू आणि साबण यांच्या पाण्याचा एकेक थेंब टाका आणि रंग नोंदवा. वड्यातले लाल ठिपके कोणत्या पट्टीशी जुळतात? दुसरे काम : आपल्या डब्यातल्या प्रत्येक पदार्थाचे घटक लिहा आणि १४९२ च्या आधी त्यांतले कोणते इथे मिळाले असते, ते शोधा.